उन्हाळी शिबिराचें संचित

मुलांस उन्हाळ्याच्या सुटींत शिबिरास धाडावें, म्हणजे त्यांना कष्टांची संवय होते, असें सुशिक्षित गृहस्थ नेहमीं म्हणतात. सोनपेठकडील ऊसतोड कामगारांचीं मुलें पाहिलीं म्हणजे हा युक्तिवाद आम्हांस लंगडा वाटतो. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर दूर कारखान्यांकडे जाऊन उन्हाळ्याच्या तोंडीं परतणाऱ्या या मुलांना भुईवर निजण्याचें निराळें शिक्षण काय द्यावयाचें? केवळ कष्टांनीं माणूस घडत असता, तर तीं केव्हांच घडलीं असतीं; प्रत्यक्षांत त्यांची शाळा तेवढी बुडते.

मग शिबिराचें टिकाऊ मोल कशांत? १९०७ सालीं बेडन-पॉवेल यांनीं ब्राउन्सी बेटावर सुमारें २० मुलांची छावणी भरविली. तींत धनिकांच्या शाळांतील व सामान्य घरांतील मुलें एकत्र राहिलीं. आपल्याकडे १९४१ सालीं एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखालीं उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलानेंही जातिधर्माचा भेद न मानतां मुलें एकत्र आणलीं. शिबिरांत कष्ट असतात, पण ते पाळीपाळीनें वांटलेले असतात. तेथील खरा धडा ही पाळीच होय.

घरीं परततांच जुनीं अंतरें पुन्हां उभीं राहतील, मग उरलें काय, असा आक्षेप कोणी घेईल. आम्ही म्हणतों, सोनपेठेंत व्यापाऱ्याचा व ऊसतोड्याचा मुलगा दहा दिवस एका सतरंजीवर निजले, तर पुढें ‘हें असेंच चालायचें’ असें त्यांस निःशंकपणें म्हणतां येणार नाहीं. समता त्यांनीं ऐकलेली नसते, अनुभवलेली असते. म्हणूनच ज्या मुलाच्या वांट्यास कष्ट आधींच पुरेसे आले आहेत, त्याची जागा शिबिरांत पहिली असावी.