माउलीच्या दारातला हिशेब

‘माउली’ हा शब्द नगर जिल्ह्याच्या मातीत खोल मुरलेला आहे. नेवाशात, 1290च्या सुमारास, ज्ञानेश्वरी सांगणारा कोवळा तरुण मराठी माणसाची माउली झाला. सहाशे वर्षांनी, याच जिल्ह्यात राहिलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटलं. श्रीरामपूरजवळच्या हरेगावात आजही सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मारियेची, यात्रा भरते. देवाच्या बिनशर्त प्रेमावर धर्मपंडितांनी ग्रंथ लिहिले. आपल्याकडे तेवढ्यासाठी हा एक शब्द पुरतो. लेकराला जवळ घेण्याआधी त्याची लायकी बघत नाही, ती माउली.

लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या मुलाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातली एक बारीक जागा मात्र निसटते. वाटणी उडवून, डुकरं राखून, उपाशी पोटी घराकडे निघालेला पोरगा वाटेत बोलणं जुळवतो : मुलगा म्हणून नको, मजूर म्हणून ठेवा. म्हणजे अट बाप घालत नाही, पोरगाच घालून घेतो. बाप धावत सुटतो, गळ्यात पडतो, आणि मजुरीचं वाक्य पोराच्या ओठांतच राहतं. फुकट मिळालेलं प्रेम घ्यायला माणसाला जड जातं. मजुरी सोपी वाटते, कारण तिचा हिशेब ठेवता येतो.

टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंचं घर मोडलं. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, त्या सोवळं-ओवळं सोबत घेऊनच. एका छपराखाली दोन धर्म नांदले. टिळक काही संत नव्हते. तापट, लहरी, घर वाऱ्यावर सोडणारे. पण ‘आधी धर्म बदल, मग घरात ये’ असं त्यांनी म्हटलं नाही. लक्ष्मीबाईंची शिवाशीव त्यांच्याच विचारानं गळून पडली आणि 1900मध्ये राहुरीत त्या ख्रिस्ती झाल्या. बदल झाला, पण तो घरात येण्याचं भाडं म्हणून नव्हे. झाडाला फळ यावं तसा, आपल्या वेळेनं.

‘असं प्रेम माणसाला बिघडवत नाही का?’ हा प्रश्न उधळ्या मुलाच्या गोष्टीतल्या थोरल्या भावाचा आहे. तो राबला, त्याला हिशेब हवा. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण हाच हिशेब आपण दुष्काळातल्या भुकेल्यालाही लावतो. महारवाड्यांतून, मांगवाड्यांतून जे ख्रिस्ती झाले, त्यांना ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा ऐकावा लागला. ज्यांना गावानं पाणवठ्याला हात लावू दिला नाही, त्यांनी आधी हेतूची शुद्धता सिद्ध करावी, ही अट कुणाची? देवाची तर नव्हे.

आणि थोरला भाऊ चर्चमध्येही असतो. म्हणूनच 1917मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ज्या विधीसाठी स्वतःचा संसार पणाला लावला, त्याचीही त्यांनी दारात अट ठेवली नाही.

गोष्टीच्या शेवटी थोरला अंगणात रुसून उभा असतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, विनवतो. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलं नाही. उत्तर ऐकणाऱ्यानं द्यायचं आहे.