पेटीतले सहा दिवस

जीभ उतावळी असते. काहीही तोंडात पडलं की ती आधी एवढंच पाहते की गोड आहे का. डार्क चॉकलेटपुढे हा प्रश्न कामाचा नाही. तुकडा चावू नये. जिभेवर ठेवावा आणि थांबावं. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, तोंडाची ऊब त्याहून थोडी अधिक. पुढचं काम ती ऊब करते.

आवडायला कारण लागत नाही. पारखायला लागतं. जो बार मला आवडला नाही तो उत्तम असू शकतो, हे ज्याला मनापासून म्हणता येतं त्यानेच गुण द्यायला बसावं.

तुकडा कट्कन मोडला, वरून चकाकला, तर टेंपरिंग, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन थिजवणं, नीट झालं असं समजावं. बियांबद्दल त्यातून काहीच कळत नाही. बारवर पांढुरकी झाक आली म्हणून तो नासलेला नसतो. बहुधा आतली चरबी वर आलेली असते. डोळ्यांची साक्ष घ्यावी, निकाल त्यांच्यावर सोपवू नये.

७० टक्के म्हणजे साखर वगळून उरलेला कोकोचा अंश. त्यात वाटलेल्या बिया किती आणि वरून घातलेलं कोको बटर किती, हे आकडा सांगत नाही. ८५ टक्क्यांचा बार ७० टक्क्यांच्या बारपेक्षा वरच्या दर्जाचा मानणं म्हणजे तिखटावरून रश्श्याची पारख करणं.

नाक चिमटीत धरून तुकडा तोंडात घ्यावा. कडू, आंबट, गोड, तुरट, इतकंच हाती लागतं. चिमटी सोडली की घशामागून वास वर चढतो आणि प्रदेश बोलू लागतात. मादागास्करच्या वायव्येला सांबिरानो नदीचं खोरं आहे. तिथल्या बियांत लाल फळांचा झणझणीत आंबटपणा असतो. इक्वेडोरच्या नासिओनाल जातीत फुलांचा गंध. घानाची चव सरळ आणि भरदार. कोको म्हणताना बहुतेकांच्या मनात येते तीच. सांबिरानोच्या बारपुढे युरोपातले परीक्षक रास्पबेरी लिहितात. मी करवंद लिहीन. जे फळ कधी खाल्लं नाही ते चवीत सापडत नसतं. वर्णन दुसऱ्याच्या आठवणीतून उसनं घेतलं की पारख तिथेच थांबते.

आवरणावरचं नाव जितक्या लहान जागेचं, तितकं ते मोठं वचन. देशाचं नाव घालणं सोपं आहे. घानात कोको सरकारी मंडळाच्या व्यवस्थेतून जातो, अनेक जिल्ह्यांचा माल एकत्र होतो. तिथे ‘घाना’ हे नाव खरं असतं, पण सैल. खोऱ्याचं नाव घट्ट असतं. मळ्याचं त्याहून घट्ट. आणि तरीही एवढ्याने सगळं सांगून होत नाही.

कारण आपण चवीचं श्रेय मातीला देऊन मोकळे होतो. माती, पाऊस, सावली, झाडाची जात यांचा वाटा मोठा आहे, तो मला नाकारायचा नाही. पण झाडावरून काढलेल्या फळातली बी चॉकलेटसारखी लागत नाही. ती कडू आणि तुरट असते, तिच्याभोवती पांढरा गोड गर असतो. ती तशीच वाळवून कितीही भाजली तरी तिला चॉकलेटचा वास येणार नाही. आधी तिला आंबवावं लागतं.

ओल्या बिया गरासकट लाकडी पेटीत भरतात, किंवा ढीग करून केळीच्या पानांनी झाकतात. यीस्ट गरातली साखर खातं, मद्यार्क तयार होतो. मग ढीग उलथतात, हवा आत जाते, आणि जिवाणू त्या मद्यार्काचं अ‍ॅसेटिक आम्ल करतात. ढीग तापतो, ४५ ते ५० अंशांपर्यंत. बीमधला अंकुर मरतो, आतल्या पेशी फुटतात, प्रथिनांचे तुकडे होतात. पुढे भट्टीत याच तुकड्यांचा आणि साखरांचा संयोग होऊन तो वास उठतो ज्यासाठी आपण पैसे मोजतो. क्रिओयो जातीला दोन-तीन दिवस पुरतात, बाकीच्यांना पाच, सहा, कधी सात. ढीग केव्हा उलथायचा, पाऊस आला तर काय करायचं, कधी थांबायचं, हे पेटीजवळ उभा असलेला माणूस वास घेऊन, हात घालून ठरवतो. त्याचं नाव आवरणावर मला क्वचितच दिसतं. भाजणाऱ्याचं दिसतं.

टांझानियाच्या किलोम्बेरो खोऱ्यात कोकोआ कामिली ही संस्था छोट्या शेतकऱ्यांकडून ओल्या बिया विकत घेते आणि एका जागी आंबवते. केरळात इडुक्कीच्या डोंगरांतही ओलं बी विकणारे शेतकरी आहेत. अशा ठिकाणी बियांचा उगम शेतात असतो आणि चवीचा बराचसा उगम पेट्यांच्या त्या शेडमध्ये. मग एका प्रदेशाची चव म्हणायचं ते कशाला? मी दोन्हीला म्हणेन. पण परीक्षकाने आपण कोणाच्या कामाला गुण देतो आहोत हे ओळखून असावं.

नियम सोपा वाटतो: दोष वेगळा, स्वभाव वेगळा. बुरशीचा कुबटपणा हा दोष. व्हिनेगरसारखा बोचणारा आंबटपणा, घाईने वाळवल्याची खूण, दोषच. तोंड सुकवणारा कच्चा तुरटपणा, न आंबलेल्या बियांचा, दोष. कडूपणा मात्र स्वभाव असू शकतो, आणि फळाचा आंबटपणा तर पुष्कळदा खोऱ्याचा अभिमान असतो.

पापुआ न्यू गिनीत मात्र हा नियम अडखळतो. तिथे पाऊस उसंत देत नाही. उन्हात बिया वाळणं कठीण, म्हणून लाकडाच्या आगीवर वाळवतात. भट्टीच्या नळ्या गळक्या असल्या की धूर बियांत शिरतो. परीक्षणाच्या तक्त्यात धूर दोषाच्या रकान्यात आहे. काही चॉकलेटवाले मात्र तोच धूर जपतात, आणि त्यांचे बार विकत घेणारेही आहेत. मी फार विचार करून या मताला आलो आहे की धुराखाली फळ अजून ऐकू येत असेल तर तो त्या जागेचा भाग मानावा. फळ बुडालं असेल तर गुण कापावेत. पावसात बी वाळवणाऱ्याबद्दल आदर आणि त्याच्या बारला कमी गुण, या दोन गोष्टी एका मनात राहू शकतात. राहिल्या पाहिजेत.

दोष झाकायचे दोन जुने उपाय आहेत, व्हॅनिला आणि करपेपर्यंत भाजणं. दोन्हींनी सगळे प्रदेश सारखे होतात.

व्यापारी अजून सुरीवर विश्वास ठेवतात. ३०० बिया मोजून घेतात, उभ्या चिरतात, रंग पाहतात. तपकिरी म्हणजे नीट आंबलेली, जांभळी म्हणजे अर्धवट, स्लेटच्या रंगाची म्हणजे मुळीच नाही. या परीक्षेत कथा सांगायला जागा नाही, म्हणून ती मला आवडते.

जीभ लवकर थकते. तुरटपणा साचत जातो आणि पाचव्या बारला चौथ्याची शिक्षा मिळते. इंटरनॅशनल चॉकलेट अवॉर्ड्सचे परीक्षक दोन नमुन्यांमध्ये पोलेंटा खातात, म्हणजे मक्याच्या भरड पिठाची आळणी पेज. आवरणंही काढून ठेवलेली असावीत. किंमत आणि गावाचं सुंदर छायाचित्र, दोन्ही जिभेच्या आधी पोचतात.

जातीचं नावही तसंच आधी पोचतं. इक्वेडोरमध्ये नारान्हालच्या ओमेरो कास्त्रो यांनी सीसीएन-५१ ही जात तयार केली. ती भरघोस पिकते, रोगाला दाद देत नाही, आणि शेतकऱ्याने ती लावली यात त्याची चूक नाही. उंची चॉकलेटच्या जगात मात्र तिचं नाव निघालं की नाकं मुरडली जात, कारण तिची चव आम्लट आणि कोरडी निघे. त्या जातीच्या बियांभोवती गर जास्त असतो. नासिओनालच्या हिशेबाने आंबवलं की आम्ल बेसुमार होतं. काहींनी पेटीत भरण्याआधी गर निथळू दिला, उलथण्याच्या वेळा बदलल्या. झाडं तीच, जमीन तीच. त्या बियांचे बार मग सुसह्य निघाले, काही तर चांगले.