वेशीच्या आत कोण?

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता. आदल्या रात्री आठ वाजता करोनामुळे २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली आणि नववर्षाच्या पहिल्याच सकाळी अख्ख्या महाराष्ट्राने दाराला आतून कडी लावली. पुढचे महिने प्रत्येकाच्या लक्षात आहेत. किराणा दुकानापुढे चुन्याने आखलेले गोल, साबणाने धुऊन दोरीवर अडकवलेल्या दुधाच्या पिशव्या, एका मोबाइलवर तीन भावंडांची शाळा. माणसे एकमेकांच्या उपयोगी पडली, हेही तितकेच लक्षात आहे. एकट्या राहणाऱ्या आजोबांची रक्तदाबाची गोळी खालच्या मजल्यावरच्या पोराने आणून दिली. शेतकऱ्याने भाजीचा टेम्पो थेट सोसायटीच्या फाटकाशी आणला. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली आणि गणेशोत्सवाची मोठमोठी पातेली मंडळांनी मजुरांच्या खिचडीसाठी चुलीवर चढवली.

या आठवणी खऱ्या आहेत आणि जपण्यासारख्याही आहेत. पण त्या काळाचा हिशेब मांडताना आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो. त्यापुढचा प्रश्न अवघड आहे : आपण ज्यांना सांभाळले ते कोण होते, आणि ज्यांच्या तोंडावर दार लावले ते कोण?

आधी धारावीकडे पाहू. अडीच चौरस किलोमीटरहूनही कमी जागेत काही लाख माणसे, दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ जण आणि बहुसंख्यांना सार्वजनिक शौचालयाचाच आधार. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण सापडला, तेव्हा आता काही खरे नाही असेच सगळ्यांना वाटले. ‘घरातच वेगळे राहा’ या सल्ल्याला तिथे अर्थ नव्हता, कारण वेगळे राहायला दुसरी खोलीच नव्हती. मग पालिकेने शाळा आणि क्रीडासंकुले विलगीकरणासाठी घेतली, शौचालये दिवसातून अनेकदा धुतली आणि वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतले. ही गोष्ट निर्णायक ठरली. पीपीई किट घालून दारात आलेला अनोळखी माणूस पाहिला की ताप लपवला जातो. पण वर्षानुवर्षे पोराबाळांना औषध देणारा गल्लीतला डॉक्टर दारात आला, तर माणूस खरे सांगतो. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे उदाहरण जगापुढे ठेवले. त्या यशात यंत्रणेइतकाच आधीपासूनच्या ओळखीचा वाटा होता. अशी ओळख साथ आल्यावर घाईघाईने उभी करता येत नाही.

महाराष्ट्राने हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वीही गिरवला होता. २०२० मध्ये सरकारने ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला, तो १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. तेव्हा पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घराघरांत घुसले, आणि लोक प्लेगइतकेच त्या तपासणीलाही घाबरू लागले. त्याच वर्षी, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रुग्णांची शुश्रूषा करत होते. त्या सेवेतच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. रुग्ण आपला की परका, हे त्यांनी पाहिले नाही.

२०२० मध्ये आपण मात्र ते पाहिले. गावागावांच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि दगड आडवे पडले. कोकणात गणपतीला ज्याची वाट पाहिली जाते, त्याच चाकरमान्याकडे संशयाने पाहिले गेले. शाळेच्या वर्गात चौदा दिवस काढणाऱ्या मुलासाठी आईने डबा गडग्यावर ठेवायचा, चार पावले मागे सरायचे आणि लांबूनच ‘जेवलास का’ विचारायचे, असे दिवस आले. यातली भीती समजण्यासारखी आहे. तरीही काळजी म्हणून ठेवलेले अंतर आणि अपमान म्हणून ठेवलेले अंतर यांत फरक असतो, आणि तो अनेक ठिकाणी पाळला गेला नाही. शहरांत रुग्णालयातून ड्युटी संपवून आलेल्या परिचारिकेला घर सोडायला सांगणारे शेजारी निघाले. घरकाम करणाऱ्या बाईंना कित्येक सोसायट्यांनी महिनोन्‌महिने फाटकाबाहेर ठेवले, आणि पगाराचा प्रश्न ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला.

ज्यांना ना गावाची वेस होती ना सोसायटीचे फाटक, त्यांचे सर्वाधिक हाल झाले. ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात पालांमध्ये अडकले. जालन्यातल्या पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशातले मजूर रुळांच्या कडेने भुसावळकडे चालत निघाले, थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि ८ मे २०२० च्या पहाटे त्यांतले १६ जण मालगाडीखाली गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्या आपण सर्वांनी छायाचित्रांत पाहिल्या. आदल्या दिवशी ते ज्या गावांवरून चालत गेले असतील, तिथेही कुणीतरी शेजाऱ्याच्या घरी डबा पोहोचवतच होते.

म्हणून मला वाटते, समाजाची एकजूट त्याने आपल्या माणसांना किती दिले यावरून मोजू नये. वेस कुठे आखली, यावरून मोजावी. ती विस्तारता येते, हेही त्याच वर्षी दिसले. ‘लालबागचा राजा’ मंडळाने मूर्तीची प्रतिष्ठापना न करता आरोग्योत्सव केला. रक्त आणि प्लाझ्मा गोळा केला. ते रक्त कुणाच्या अंगात जाणार, हे देणाऱ्याला ठाऊक नव्हते. राज्यातल्या सुमारे ७० हजार आशाताई तुटपुंज्या मानधनावर दारोदार फिरल्या. काहींच्या तोंडावर दारे आपटली गेली, तरी त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या. रास्त मानधनासाठी मात्र त्यांना पुढे संप करावे लागले.

पुढची साथ, पूर किंवा दुष्काळ येईल तेव्हा चांगुलपणा आपोआप जागा होईल, या भरवशावर राहू नका. सोसायटीच्या वहीत सदनिकाधारकांच्या बरोबरीने वॉचमन, सफाई कामगार आणि घरकामाच्या ताईंची नावे, फोन, रक्तगट आजच लिहा. बंदच्या काळात त्यांचा पगार चालू राहील, असा ठराव सर्वसाधारण सभेत करा. गावात हंगामाला येणाऱ्या मजुरांची सोय कुठे होईल, हे ग्रामसभेत विचारा. आशाताईच्या मानधनाचा प्रश्न निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यापुढे मांडा. संकटात कोण आपले, हे संकट येण्यापूर्वीच ठरवावे लागते.