शिमग्याला माणसं घरीच होती

९ मार्च २०२० ला होळी होती. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात पाड्यापाड्यांवर शिमगा हा वर्षातला मोठा सण. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर गेलेली बिऱ्हाडं त्यासाठी गावाकडे येतात आणि सण उरकला की काढणीच्या कामावर परततात. त्याच दिवशी दुबईहून पुण्यात आलेल्या दोघांना करोना झाल्याचं निष्पन्न झालं; राज्यातले ते पहिले रुग्ण. पुढे २४ मार्चला रात्री आठला टाळेबंदी जाहीर झाली आणि बाराला लागूही झाली. जो जिथे होता तिथेच अडकला.

सरकार लवकर हललं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब बहुतेक जण रुग्णसंख्येत मांडतात. सुरगाण्यातून पाहताना मला दुसरीच गोष्ट मोठी वाटते. उशिरा जागं झालेलं सरकार हमखास कठोर होतं, कारण समजावायला आणि सोय लावायला त्याच्या हाती वेळच उरलेला नसतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, पण साथरोग कायदा झाला तो ४ फेब्रुवारी १८९७ ला. तोवर जवळपास निम्मी मुंबई गाव गाठायला निघून गेली होती. मग पुण्यात रुग्ण शोधायला गोरे शिपाई लोकांच्या माजघरापर्यंत शिरले. १३ मार्च २०२० ला महाराष्ट्रानं आधार घेतला तो याच कायद्याचा.

समजा, शिमग्याच्याच आठवड्यात गावोगाव सांगितलं असतं, ‘यंदा बागेवर जाऊ नका.’ कुणी ऐकलं असतं का? नुसत्या सांगण्यानं नाहीच. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची असते, आणि बागाईतदाराचा वर्षाचा माल वेलीवर लटकत असतो. म्हणजे उचलीचा भार सरकारनं उचलायला हवा होता, रेशन आगाऊ द्यायला हवं होतं आणि गावातच रोजगार हमीची कामं काढायला हवी होती. यातलं काहीच अशक्य नव्हतं. रोजगार हमी याच राज्यानं १९७२ च्या दुष्काळात उभी केली. आणि धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात बायकांना हंडे घेऊन डोंगर उतरावा लागतो, त्या तालुक्यात बंधाऱ्यांच्या कामांना काय तोटा?

सुरगाण्यात साथ वेळीच रोखणं जास्तच निकडीचं होतं. गंभीर रुग्णाला नाशिक गाठायचं तर घाटवाटांनी काही तासांचा प्रवास. २०२२ च्या अखेरीस सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातला जोडा म्हटलं, तेही रस्ते, पाणी, दवाखाने नाहीत म्हणूनच.

पुढची साथ कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. शिमगा मात्र दरवर्षी येतो. त्या आठवड्यात ग्रामसेवक आणि आशाताईंनी घरोघर जाऊन कोण कुठल्या बागेवर जातंय, मुकादम कोण, किती उचल घेतली, सोबत लेकरं किती, एवढं वहीत उतरवून घ्यावं. ती वही तहसील कचेरीत असली, तर पुढच्या वेळी माणसांना घरी आणणाऱ्या एसटी कुठे पाठवायच्या, हे आदेश निघण्याआधीच ठरवता येईल.