डब्यातले बिस्कीट

बिस्कीट ही तत्त्वचिंतनाची वस्तू नव्हे, असे कुणीही म्हणेल. ब्रह्म आणि माया यांच्या पंक्तीला चहात बुडवून खायचा पदार्थ आणून बसवणे म्हणजे थट्टाच. पण महाराष्ट्राचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास जरा चाळून पाहा. भल्याभल्या ग्रंथांनी उडवली नसेल एवढी खळबळ पावाच्या एका तुकड्याने आणि बशीतल्या बिस्किटाने आपल्याकडे उडवून दिली आहे.

दिवाळी जवळ आली की आमच्या नात्यात (गावाचे नावच नाते, त्याला इलाज नाही) दोन प्रकारचे डबे दिसू लागतात. एक घरच्या नानकटाईचा, दुसरा विलायती. कुणाचा मुलगा आखातात असतो, कुणाचा भाचा लंडनला. त्याच्या सामानातून लाल चौकड्यांचा डबा येतो आणि आत स्कॉटलंडची शॉर्टब्रेड निघते. पहिला डबा फडताळात जातो, दुसरा बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात. पाहुणा मातबर असला तर दुसरा उघडायचा, शेजारपाजारचा असला तर पहिला.

आता पदार्थ म्हणून दोहोंत अंतर ते किती? शॉर्टब्रेडचे जुने माप असे : एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. आपल्या नानकटाईत लोण्याच्या जागी तूप, आणि वासाला वेलची किंवा जायफळ. दोहोंचे मर्म एकच, मोहन. स्निग्धांश पिठाच्या कणाकणाला वेढून बसतो, मग पिठाला चिवटपणा येत नाही आणि घास जिभेवर विरघळतो. त्यांच्या लोण्यात शंभरात पंधरा-सोळा भाग पाणी असते, तुपात ते जवळजवळ नसतेच. म्हणून शॉर्टब्रेड कटकन मोडते आणि नानकटाई भुगा होऊन अंगावर सांडते. तूप परातीत घेऊन तळहाताने पांढरे, हलके होईपर्यंत फेसण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना आपला खांदा नेमका कुठे असतो ते ठाऊक आहे. भट्टी नसेल तेथे पातेल्यात वाळू तापवायची आणि वरच्या झाकणावर निखारे ठेवायचे. खालून करपलेला नि वरून कच्चा असा पहिला घाणा ठरलेलाच. गावात बेकरी असली तर लोक तूप, साखर, मैदा आणि रिकामा डबा घेऊन भट्टीपुढे जाऊन बसत आणि डोळ्यांदेखत नानकटाई भाजून आणत. डोळ्यांदेखत अशासाठी, की तूप आपलेच पडते आहे ना, ही शंका!

तेव्हा हा मोह निव्वळ चवीचा म्हणता येत नाही. चांगल्या लोण्याची चव चांगलीच असते, आणि ती परक्याची म्हणून नाकारण्याइतका माझा स्वदेशाभिमान कर्मठ नाही. पण मोह आहे तो डब्याचा. इंग्लंडातील रेडिंग गावी १८२२ साली सुरू झालेल्या हंटले अँड पामर्सच्या पेढीने पत्र्याच्या घट्ट, चित्रांनी नटवलेल्या डब्यांतून आपली बिस्किटे जगभर पोचवली. त्या कारखान्यात हजारो हात राबत होते. डबा उघडणाऱ्याला त्यांतला एकही दिसत नसे. डब्याची खरी जादू ही.

कारण आपल्याकडे हात दिसला की प्रश्न सुरू होतो. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने परमहंस सभा निघाली. सभासद होणाऱ्याची परीक्षा कसली? तर ख्रिस्त्याने भाजलेला पाव खाऊन दाखवायचा. तोही गुप्तपणे, दार लावून! पुढे पुण्यात १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी पेला हाती धरून बाजूला ठेवला. गोपाळराव जोशांनी नावे 'पुणे वैभव'मध्ये छापवून आणली, ग्रामण्य उभे राहिले, चौकशी बसली. त्यात टिळकांचे नाव होते, रानड्यांचे होते. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. एवढा मोठा माणूस, आणि अपराध एका पेल्याएवढा. तेच बिस्कीट बंद डब्यातून निघाले असते तर इतका गहजब झाला असता का, असा प्रश्न माझ्या मनात राहून राहून येतो.

आणि पुण्याकडे बोट दाखवून आम्ही इकडे मोकळे होऊ शकत नाही. महाड आम्हांला जवळचे. ज्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, तेथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओंजळभर पाणी घेतले, तर गावाने माणसांना मारहाण केली आणि मागून दही-दूध-शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. पाणी तेच होते. ओंजळ तेवढी दिसली.

मग यंत्र आले. विलेपार्ल्याच्या पार्ले कारखान्यात १९३९ पासून बिस्किटे होऊ लागली; आज तो पुडा कोणत्या घरात नाही? ते पीठ कुणी मळले, भट्टीपाशी कोण उभे होते, कुणी विचारीत नाही. संतांना, सुधारकांना जे साधले नाही ते यंत्राने साधले, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच वाया जात नाही. भुकेल्याला पुडा मिळाला, निर्वेधपणे मिळाला, हे काही थोडे नव्हे. पण यंत्राने पंक्तिभेद मोडला की नुसता झाकला? मला तरी तो झाकलेलाच वाटतो. मधल्या सुट्टीत पुड्यातले बिस्कीट वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते. अर्धे मोडून, पाव मोडून जाते. घरच्या डब्याचे तसे होत नाही. तिथे मधल्याच एखाद्या बाकावर हात आखडतो आणि 'आमच्यात चालत नाही' हे वाक्य ऐकू येते. बोलणारे मूल आठ-नऊ वर्षांचे. 'आमच्यात' म्हणजे किती माणसे, हे त्याला कुणी तरी मोजून दिलेले असते.

लाल चौकड्यांच्या डब्याला हा प्रश्न कधी पडत नाही, म्हणूनच तो इतका निर्धास्तपणे काचेमागे बसू शकतो. घरच्या नानकटाईला मात्र तो पडतो, कारण तिच्यावर बोटांचा ठसा असतो. माथ्यावर वेलदोड्याचा दाणा दाबताना उमटलेला. येत्या चार दिवसांत रुमालाने झाकलेली फराळाची ताटे गावातून फिरतील. कोणते ताट कोणत्या आळीपर्यंत जाते आणि कोठून मागे वळते, एवढे पाहावे. आणि रिकामे ताट परत देऊ नये म्हणून त्यात काय घालून आले आहे, घरचे की दुकानातला पुडा, हेही.