आपल्या पागोळ्यांचे पाणी

मिरग तोंडावर आला की वसईतील आमच्या धर्मग्रामांत दोन प्रकारची कामे निघतात. कौले चाळणे, पन्हळीतील पालापाचोळा उपसणे हे पहिले. शेजाऱ्याच्या पन्हळीचे गाऱ्हाणे धर्मगुरूंकडे नेणे हे दुसरे. या दुसऱ्या कामास आम्ही क्षुल्लक मानीत नाही. सख्ख्या भावांतील अबोल्याचे मूळ शोधीत जावे, तर पुष्कळदा तेथे चार इंची पाईप आढळतो.

वादाचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. वडिलोपार्जित कौलारू घराची वाटणी होते. थोरला आपल्या हिश्श्यात स्लॅबचे घर बांधतो. काही वर्षांनी गच्ची गळू लागते, म्हणून तीवर पत्र्याची शेड चढते. गच्चीचे पाणी कोपऱ्यांतील नळांनी खाली उतरत असे. पत्र्याचे पाणी एकाच उताराने धाकट्याच्या जुन्या भिंतीवर झेपावते. भिंतीला ओल येते, जोते खचते. तक्रार केली तर उत्तर मिळते, ‘पाऊस काय आम्ही पाडतो? तो देवाचा आहे.’

या उत्तरात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच ते तपासले पाहिजे. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी निसर्गतः खाली वाहत आले, तर खालच्याने ते येऊ द्यावे, हा नियम प्राचीन रोमन कायद्यात होता. आपल्याकडील १८८२च्या ईझमेंट अ‍ॅक्टमध्येही तो आहे. परंतु रोमन विधिज्ञांनी त्यात एक बारीक भेद केला. माणसाने केलेल्या कामामुळे पावसाचे पाणी शेजाऱ्यास बाधक होत असेल, तर त्याला दाद मागता येई. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातील ‘द्वादश फलकां’पर्यंत या तरतुदीचे मूळ पोहोचते. पाऊस देवाचा, पण त्याला गोळा करून एका जागी सोडणे हे आपले काम.

हा भेद किती मोठा आहे, हे हिशेबाने कळेल. एक हजार चौरस फूट छपरावर दिवसभरात शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर नऊ हजार लिटरांहून अधिक पाणी होते. आणि असा दिवस आपल्या पावसाळ्यात दुर्मीळ नाही. पन्हळ नसलेल्या कौलारू घराच्या वळचणीवरून हे पाणी शेकडो पागोळ्यांनी चहूकडे पडे आणि अंगणातील माती ते बऱ्याच अंशी शोषून घेई. पन्हळ तेच पाणी एका तोंडाशी आणते. थेंबाने कधी कोणाची भिंत पाडली नव्हती.

‘आमच्या मनात काही वाईट नव्हते,’ हेही आम्ही वारंवार ऐकतो आणि ते खरेही असते. तथापि अनुवादाच्या २२व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्यास छपराला कठडा घालण्याची आज्ञा आहे. कठड्याअभावी कोणी पडला, तर रक्तपाताचा दोष त्या घरावर येतो. तेथे कोणी कोणास ढकललेले नाही. फक्त कठडा घालावयाचा राहिला आहे. संत थॉमस अक्विनास यांनी नुकसानभरपाईचा विचार प्रीतीच्या नव्हे, तर न्यायाच्या प्रकरणात केला, हेही ध्यानात घ्यावे. पन्हळ वळवून घेणारा थोरला भाऊ ‘धाकट्यासाठी एवढे केले’ असे गावभर सांगतो, तेव्हा तो देणे फेडून दानाची पावती मागत असतो.

आता दुरुस्तीविषयी. पुष्कळांच्या लेखी दुरुस्ती म्हणजे पाईपचे तोंड फिरवणे. धाकट्याकडून काढून ते रस्त्यावर किंवा तिसऱ्याच्या वाडीत सोडणे. नीट काम करावयाचे तर भर पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरावे आणि पाणी कोठे साचते, कोठे उडते ते पाहावे. पन्हळीला दर दहा फुटांस पाव ते अर्धा इंच उतार हवा. दोन उतार मिळतात तेथील पन्हळ रुंद हवी. पाईपचे तोंड जोत्यापासून पाच-सहा फूट दूर न्यावे. पाणी गाळून बावीत किंवा शोषखड्ड्यात सोडता आले, तर उत्तमच.

यापूर्वी हे पाणी बावखलात जात असे. बावखले बुजवून आपण इमारती उभ्या केल्या, अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, जोती उंच केली. २०१८च्या जुलैमध्ये वसई-विरार परिसर पाण्यात होता, तेव्हा सर्वांत खाली राहणाऱ्याच्या घरात शिरलेल्या पाण्यात प्रत्येकाच्या छपराचा थोडा थोडा वाटा होता. त्याने कोणाकडे भरपाई मागावी? वाटा लहान म्हणून तो शून्य होत नाही, असे आम्हांस वाटते. महानगरपालिकेच्या गटाराला दोष देणे रास्तही असेल. पण आपल्या मातीत जिरण्याजोगे पाणी आपण बाहेर घालवत असू, तर ती तक्रार अर्धीच राहते. ज्याच्यापाशी खड्ड्यापुरतीही जागा नाही, त्याचे काय? तेथे वाडीवाल्याने आपली जमीन पुढे करावी. कायदा त्याला तसे सांगणार नाही.

अशा एका वादात अखेर थोरल्याच्या शेडचे पाणी धाकट्याच्या अंगणाखालून मागच्या बावखलात नेण्याचे ठरले. बावखल अजून बुजलेले नव्हते, हे नशीब. पाईपचा खर्च थोरल्याने करावयाचा, जागा धाकट्याने द्यावयाची. धाकट्याच्या पत्नीने एकच अट घातली: गाळ काढण्याची चेंबर तिच्या अंगणात नको, थोरल्याच्या दाराशी हवी.