टाकी

सकाळी साडेसातच्या सुमाराला गल्लीत आरोळी ऐकू आली. ‘टाकीऽऽ... पाट्याला, जात्याला टाकीऽऽ!’ किती वर्षांनी ऐकली. चहाचा कप तसाच ठेवून मी गॅलरीत धावले आणि टाकीवालीला वर बोलावलं.

आमचा पाटा सासूबाईंच्या वेळचा. काळ्या दगडाचा, दोघांनी उचलावा एवढा जड. दोन्ही मुलांची पाचवी याच पाट्यावर पुजली. मिक्सर आला तरी चटणी मी अजून त्यावरच वाटते. पण गेले काही महिने चटणी मनासारखी होत नव्हती. सुकं खोबरं वरवंट्याखालून नुसतं सरकायचं. लसणाची पाकळी निसटून कडेला जायची. मला वाटलं, हातातली ताकद गेली. वय झालं.

टाकीवालीने पाट्यावरून एकदा तळवा फिरवला. ‘बाई, आरसा झालाय की ह्येचा. किती वरसं टाकी न्हाई?’

मला आठवेना.

मग ती मागच्या मोकळ्या जागेत बसली. पाटा दोन पायांमध्ये धरला. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात छोटी हातोडी. वरच्या कडेपासून तिने सुरुवात केली. टक्, टक्, टक्. प्रत्येक घावाबरोबर काळ्या दगडावर पांढरा ठिपका उमटत होता. ठिपक्याशेजारी ठिपका, ओळीखाली ओळ. कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून तिने डोळे बारीक केले होते, पण हात थांबत नव्हता. बघता बघता काळा पाटा करडा झाला.

‘जोरात बसला घाव तर?’ मी विचारलं.

‘फुटंल की. आन् लई हळू मारला तर नुसती धूळ उडती.’ थोड्या वेळाने वर न बघता ती म्हणाली, ‘समद्याच दगडाला टाकी बसत न्हाई, बाई. दगूड मऊ आसला, की त्येचा भुगा पडतो. मग चटणीत कचकच लागती. तुमचा दगूड चांगलाय.’

पैसे घेऊन ती गेली. तिचं वाक्य मात्र घरात राहिलं.

पाटा पडून राहिल्याने गुळगुळीत होत नाही. तो वापरानेच होतो. रोज तोच वरवंटा, तीच दिशा, तोच दाब. माणसाचंही तसंच होत असावं. कामात हात बसतो. चार लोक मान देऊ लागतात. आपलं म्हणणं कुणी फारसं खोडत नाही. हळूहळू आपण छान, चकचकीत होतो. आणि काहीच नीट वाटलं जाईनासं होतं. बाहेरच्याला ते दिसत नाही. आपल्याला वाटतं, वय झालं.

स्नेह या शब्दाचा एक अर्थ तेल असाही आहे. मैत्रीत हा ओलावा हवाच. दिवसभराची कोरड ज्याच्याजवळ बसल्यावर निघून जाते, तो मित्र. माझ्याही अशा मैत्रिणी आहेत आणि त्यांच्यावाचून माझं चालणार नाही. पण नुसत्या तेलावर पाटा चालत नाही. कधीतरी छिन्नी घेऊन समोर बसणारं माणूस लागतं. असं माणूस आपण होऊन निवडणं फार अवघड. आपण कुणाला जवळ करतो, यावरून आपल्यातला दगड कसा आहे ते कळतं. ज्याला आतून आपला भुगा होईल अशी भीती असते, तो होकार देणाऱ्यांच्याच घोळक्यात राहतो.

छिन्नी घेऊन बसणारी माझी एक मैत्रीण आहे. शाळेपासूनची.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्या वाचनालयात मी काम करायचे, त्याच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघायची होती. इतिहासाचा लेख माझ्याकडे होता. मी खूप मन लावून लिहिला. जुनी इतिवृत्तं वाचली, म्हाताऱ्या सभासदांच्या घरी जाऊन बसले. छापायला देण्याआधी लेख तिला वाचायला दिला. सुंदर झालाय असं ती म्हणेल, याची मला खात्री होती.

तिने शांतपणे वाचला. मग एका ओळीवर बोट ठेवलं. सुरुवातीच्या दिवसांत ज्यांनी घरोघर फिरून पुस्तकं गोळा केली, त्यांची नावं त्या ओळीत होती. ‘इथे अजून एक जण होते ना गं?’ तिने विचारलं.

होते. हातगाडी घेऊन तेच पुढे असायचे. पण पुढे एका निवडणुकीत त्यांचं-माझं वाजलं होतं. नाव राहून गेलं, असं मी म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘राहिलं नाही. तू ठेवलंस.’

एवढंच. पुढे एक शब्द नाही. चहा पिऊन ती घरी गेली.

मी दोन महिने तिच्याशी बोलले नाही. मनातल्या मनात तिला किती सुनावलं! तिला काय कळतं, तिला माझं चांगलं बघवत नाही, एवढ्या मेहनतीत तिला एक नावच दिसलं. पण रात्री दिवा मालवला, की ते बोट त्याच ओळीवर दिसायचं. शेवटी फर्मा छपाईला जायच्या आदल्या दिवशी मी छापखान्यात गेले आणि उभ्या उभ्या ते नाव घातलं. पहिल्या क्रमांकावर.

आज वाटतं, ती गप्प बसली असती तर ते नाव कायमचं गेलं असतं. आणि मला त्याची बोचणीही उरली नसती. या दुसऱ्या गोष्टीची मला जास्त धास्ती वाटते.

तिने घाव किती मोजून घातला होता, हे मला फार उशिरा कळलं. चारचौघांत बोलली नाही. आधीच्या चार चुका उकरून काढल्या नाहीत. मी कबूल करीपर्यंत थांबलीही नाही. एका जागी एकच ठिपका, आणि हात मागे.

सकाळी टक्-टक् ऐकत बसले असताना अशाच एका मैत्रीची, टिळक-आगरकरांची, आठवण आली. दोघांचं जन्मसाल एकच, 1856. आगरकर 14 जुलैचे, टिळक 23 जुलैचे. डेक्कन कॉलेजात भेट झाली आणि दोघांनी आयुष्य शिक्षणाला द्यायचं ठरवलं. 1880 साली न्यू इंग्लिश स्कूल, 1881 साली ‘केसरी’. कोल्हापूरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात 1882 साली दोघे मिळून डोंगरीच्या तुरुंगात गेले. एकशे एक दिवस. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. तुरुंगातही दोघांचे वाद रात्री उशिरापर्यंत चालत. आवाज इतके चढत, की पहारेकऱ्यांना येऊन दटावावं लागे.

हे चित्र मला फार आवडतं. बाहेर कुलूप. आत दोन पंचविशीतले तरुण, समाज कसा असावा यावर भांडताहेत. एकाने तरी म्हणावं, जाऊ दे, तुझं खरं, झोपू या. कोणी म्हणत नाही. तिथे एकमेकांशिवाय दुसरं माणूस नव्हतं, तरी सोबतीखातर आपलं मत मऊ करावं असं एकालाही वाटलं नाही.

पुढचं मात्र वाचवत नाही. 1887 साली आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. आधी समाज सुधारायचा की आधी राज्य मिळवायचं, हा वाद खोलीतून छापील कागदावर आला आणि शब्दांना धार चढत गेली. टक्-टक् जिथे थांबायला हवी होती, तिथे थांबली नाही. दोन्ही दगड अस्सल होते, म्हणून एकाचाही भुगा झाला नाही. पण मधली तेलाची ओल गेली. 1895 च्या जूनमध्ये आगरकर गेले, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. तो मजकूर सांगताना त्यांच्या डोळ्यांना सारखी धार लागली होती, असं सांगतात. त्या वेळी त्यांना कुठला आगरकर दिसत असेल? ‘सुधारक’चा की डोंगरीतला? मला वाटतं, डोंगरीतला.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. पाट्याला देवपण नको असतं. पाचवीचा एक दिवस सोडला तर त्याची पूजाही होत नाही. त्याला फक्त वाटता यायला हवं. आणि एकदा टाकी लावून त्याचं भागत नाही. ठिपके पुन्हा बुजतात. दर थोड्या वर्षांनी कुणीतरी यावं लागतं, आणि आरोळी आली की आपल्याला चहा सोडून उठावं लागतं.

दुपारी पाटा खसखसून धुतला. मूठभर तांदूळ वाटून टाकून दिले, कण निघून जावेत म्हणून. पुन्हा धुतला. वरच्या कोपऱ्यात बोटाला काहीतरी निराळं लागलं. वाकून पाहिलं तर तिने तिथे एक छोटं फूल कोरलं होतं. मी सांगितलं नव्हतं, तिनेही बोलून दाखवलं नव्हतं. पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीला तीन-तीन घाव.

मग लसूण, सुकं खोबरं, लाल मिरची, मीठ घेतलं. वरवंटा खरखरला. खोबऱ्याने दगड धरला आणि पहिल्याच फेऱ्यात तेल सुटलं.

रविवारी माझी ती मैत्रीण येणार आहे. तिला ही चटणी भाकरीबरोबर लागते. टेबलाच्या खणात नवीन लेखाची आठ पानं पडून आहेत. चार जणांनी वाचून छान म्हटलं आहे. तिला अजून दाखवलेली नाहीत.